माध्यम विचारता, मग मास्तर का विचारत नाही?

जून आला की आपल्याकडं पालकांचा एकच प्रश्न असतो, "इंग्लिश मीडियम हाय का?" फी किती, गाडी दारात येते का, टाय-बूट आहेत का, हेही विचारून होतं. पण इंग्रजी शिकवतं कोण, त्यांचं स्वतःचं शिक्षण काय, वर्गात ते नेमकं करतात काय, हे विचारणारा पालक मला अजून भेटायचाय.

लोहारा तालुक्यातली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. ती आज आठवते ती इमारतीमुळं नाही, तर स्वामी रामानंद तीर्थांसारखे मुख्याध्यापक तिथं होते म्हणून. शाळा म्हणजे शिक्षक, हे निदान धाराशिव जिल्ह्याला तरी नव्यानं सांगायला लागू नये.

आज पंचेचाळिशीत असलेला हायस्कूलचा इंग्रजी शिक्षक बघा. पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली, त्यामुळं यानं एबीसीडी गिरवली ती पाचवीत. मराठी शाळा, शेतकरी घर. पुढं बीए, बीएड. बीएला शेक्सपिअर वाचला, तोही बऱ्याचदा गाइडातून. पण चाळीस पोरांना इंग्रजीत बोलतं कसं करायचं, ते कुणी शिकवलं नाही. नवीन लागणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तीन वर्षं शिक्षण सेवक. नववी-दहावीला शिकवणाऱ्याचं मानधन ८ हजारांवरून १८ हजार झालं, तेही २०२३ मध्ये. आणि जिथं इंग्रजीचा माणूसच नाही, तिथं तास दुसऱ्या विषयाच्या सरांच्या गळ्यात.

तरी काहीजण भारी शिकवतात. असे एक सर माझ्या बघण्यात आहेत, आपल्याच जिल्ह्यातले. नाव छापू नका म्हणाले. त्यांची पद्धत साधी आहे. तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. पोरांनी घरचं सांगायचं : रानात काय पेरलं, सोयाबीन काय भावानं गेलं, म्हैस किती दूध देते. पोरगं बोलत असताना मध्ये टोकायचं नाही. शेवटी ऐकलेल्या तीन चुका फळ्यावर, पण कुणाच्या ते सांगायचं नाही.

चूक समजावतात ती मराठीतून. पोरं हमखास 'आय ॲम गो टू स्कूल' म्हणतात. का? कारण 'मी' म्हणजे 'आय ॲम' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सर फळ्यावर 'मी शाळेत जातो' लिहितात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याला चिकटून येतं. आपला 'त' शाळेच्या मागं लागतो, त्यांचा 'टू' शाळेच्या पुढं उभा राहतो. एवढं कळलं की पोरगं पाठ करायचं सोडतं आणि वाक्य जुळवायला लागतं. मला विचाराल तर या सरांचं मराठी शाळेतून येणं ही त्यांची कमी नाही, भांडवल आहे. पोरगं कुठं अडखळणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, कारण ते स्वतः तिथंच अडखळलेले असतात.

आता दुसरी बाजू. दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातात. २०१९ ला भाषांचे हे २० गुण काढले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, हे खरं. पण ओरड झाली ती याच गुणांसाठी. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. कारणं आणखीही असतील. पण तोंडी परीक्षा पोरानं तोंड न उघडता 'होते', हे गावागावात सगळ्यांना माहीत आहे. शाळा खूश, पालक खूश. पोरगं मात्र पुण्यात मुलाखतीला बसलं की घाम फुटतो. तिथं २० गुण द्यायला कुणी बसलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षण खात्यानं आठवी ते दहावीचा इंग्रजीचा तास इंग्रजी घेऊन पदवी केलेल्याकडंच राहील, हे बघावं. तोंडी परीक्षा चारचौघांत व्हावी, पालकांना बोलवून. आणि जे सर पोरांना खरंच बोलतं करतात, त्यांच्या मागची सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या जरा कमी कराव्यात.

पालकांनो, तुम्हीही एक करा. या आठवड्यात शाळेत जा. इंग्रजीच्या सरांना किंवा बाईंना भेटा. "माझं लेकरू या महिन्यात वर्गात किती वेळा बोललं?" एवढंच विचारा, आणि भांडायच्या सुरात विचारू नका. उत्तर काय मिळालं ते खाली नक्की लिहा. शाळेचं नाव नको, तालुका सांगितला तरी चालेल.