बर्लिनचा घोडा आणि मानसशास्त्राचा पहिला पाठ

मानसशास्त्राच्या बहुतेक प्रवेशिका व्याख्येने सुरू होतात. मन म्हणजे काय, वर्तन म्हणजे काय, स्मृतीचे प्रकार किती आणि प्रेरणेचे किती, अशा क्रमाने पुस्तक पुढे सरकते. आणि संशोधनपद्धतीचे प्रकरण मध्येच कोठे तरी परीक्षेपुरते उरकले जाते. हा क्रम उलटा आहे. या शास्त्रात निष्कर्षांच्या आधी पद्धती शिकवली पाहिजे. कारण मनासंबंधी निष्कर्ष काढण्याची हौस प्रत्येकालाच असते, ते पडताळून पाहण्याची सवय मात्र कोणालाही जन्मतः नसते. हे पटण्यास एका घोड्याची हकीकत पुरेशी आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक राहत असत. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला, शाळेतील मुलाला शिकवावे तसे, मोठ्या चिकाटीने अनेक वर्षे अंकगणित शिकवले. हान्स बेरजा करी, अपूर्णांक सोडवी, तारीख सांगे. आणि उत्तर जमिनीवर खूर आपटून देई. फॉन ऑस्टेन या प्रदर्शनाबद्दल पैसे घेत नसत. ते जवळ नसतानाही परक्या माणसांच्या प्रश्नांना घोडा अचूक उत्तरे देई. अखेर १९०४ साली तेरा जणांच्या एका मंडळाने हान्सची तपासणी केली. मंडळाचे प्रमुख होते बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेचे संचालक कार्ल श्टुम्फ. मंडळाने निर्वाळा दिला की, यात कोणतीही लबाडी आढळत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे नंदीबैलाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 'पाऊस पडेल का?' या प्रश्नाला मान डोलावणारा तो बैल मालकाच्या खुणेवर डोलतो, हे गावातील पोरेसोरेही जाणतात. परंतु नंदीबैलवाल्याला आपली खूण ठाऊक असते. फॉन ऑस्टेन यांना आपली ठाऊक नव्हती. ते सर्वस्वी प्रामाणिक होते, आणि म्हणूनच मंडळाची दिशाभूल झाली. मंडळाने लबाडीचा शोध घेतला. लबाडी नव्हतीच, म्हणून ती सापडली नाही. 'लबाडी नाही' या विधानावरून 'घोड्याला गणित येते' हे विधान निघत नाही, एवढी साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानी आली नाही. प्रामाणिकपणा हा मोठा सद्गुण आहे. परंतु तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

श्टुम्फ यांचे शिष्य ऑस्कर फुंग्स्ट यांनी पुढे जे केले, तो मानसशास्त्राचा खरा पहिला पाठ होय. त्यांनी सर्व परिस्थिती आहे तशीच ठेवून एकाच गोष्टीत बदल केला. काही प्रश्नांचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक असे, काहींचे नसे. उत्तर ठाऊक असता हान्स जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर ठरला. नसता दहांतून एकदाही धड नाही. प्रश्नकर्ता घोड्याच्या दृष्टीआड उभा राहिला की हान्सचे ज्ञान असेच लोप पावे. प्रश्न विचारून माणूस किंचित पुढे वाकला की घोडा खूर आपटू लागे. अपेक्षित संख्या येताच माणसाचे डोके नकळत किंचित वर होई, आणि घोडा थांबे. ही हालचाल अत्यंत सूक्ष्म असे. फुंग्स्ट यांचे हे संशोधन १९०७ साली प्रसिद्ध झाले.

या एका प्रयोगात प्रास्ताविक मानसशास्त्रातील बहुतेक मूलभूत संकल्पना हाती लागतात. 'घोडा माणसाच्या हालचाली वाचतो' हे अभ्युपगम. ते खोटे ठरू शकेल अशा रीतीने मांडलेले. प्रश्नकर्त्याचे ज्ञान हे प्रयोगकर्त्याने बदललेले म्हणून स्वाश्रयी परिवर्तक. बरोबर उत्तरांचे प्रमाण हे त्यावर अवलंबून असलेले म्हणून आश्रयी परिवर्तक. बाकीची परिस्थिती स्थिर राखणे म्हणजे नियंत्रण. संज्ञा पाठ करून हा प्रयोग समजत नाही. प्रयोग समजला की संज्ञा मात्र आपोआप पाठ होतात.

फुंग्स्ट घोड्यापाशीच थांबले नाहीत. प्रयोगशाळेत ते स्वतः घोड्याच्या जागी बसले. समोरच्या व्यक्तीने मनात एक संख्या धरावी, आणि त्यांनी बोटाने ठोके देत ती ओळखावी, असा तो प्रयोग होता. पंचवीस व्यक्तींपैकी दोघे वगळता सर्वांनी तीच अनैच्छिक हालचाल केली. तेव्हा प्रश्न एका घोड्याचा किंवा एका भोळ्या शिक्षकाचा नव्हता. तो मनुष्यस्वभावाचा होता.

१९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल व केर्मिट फोड यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर देण्यात आले. काहींना सांगितले की त्यांचे उंदीर चक्रव्यूहातील वाट शोधण्यात हुशार वंशाचे आहेत. काहींना सांगितले की त्यांचे मंद वंशाचे. वस्तुतः सर्व उंदीर सामान्यच होते. तरीही 'हुशार' उंदरांनी सरस कामगिरी केल्याची नोंद झाली. उंदरांवर लावलेली चिठ्ठी एवढे करू शकते, तर वर्गातील मुलाच्या कपाळी 'ढ' ही चिठ्ठी लावण्यापूर्वी शिक्षकाने दोनदा विचार करावयास नको काय?

हा विषय केवळ पुस्तकी नाही, याची साक्ष त्यानंतरच्या एका घटनेने दिली. १९९०च्या सुमारास अमेरिकेत एक उपाय लोकप्रिय झाला. बोलू न शकणाऱ्या स्वमग्न व्यक्तीचा हात मदतनीस धरी, आणि ती व्यक्ती अक्षरफलकावर बोट ठेवून वाक्ये लिही. मूक मुलाचे मन अखेर उघडले, असे मानून कित्येक आईबाप आनंदाने रडले. काही आईबापांवर याच लिखाणाच्या आधारे अत्याचाराचे आरोपही झाले. मग १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुंग्स्ट यांचीच युक्ती योजली गेली. स्वमग्न व्यक्ती व मदतनीस यांना काही वेळा निरनिराळी चित्रे दाखवली. मदतनीसाला जे ठाऊक नव्हते ते एकदाही अचूक लिहिले गेले नाही. बरोबर उमटली ती मदतनीसाने पाहिलेल्या चित्रांची नावे. मदतनीस लबाड नव्हते. फॉन ऑस्टेन यांच्याइतकेच ते निष्ठावान होते. ही चाचणी आरंभीच झाली असती, तर अनेक कुटुंबांचे दुःख टळले असते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मुलांना स्वप्ने, निद्रा, स्मरणशक्ती यांविषयी कुतूहल असते. पद्धतीचा विषय त्यांना रुक्ष वाटेल. परंतु खूर आपटणाऱ्या घोड्याची गोष्ट ज्याला रुक्ष वाटेल असे मूल मिळणे कठीण. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मानसशास्त्रातील शंभर अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाला होता. पुनरावृत्तीत तो अवघ्या ३६ टक्क्यांत मिळाला. मग असे शास्त्र शिकवावेच कशाला? याचे उत्तर त्या प्रकल्पातच आहे. ही उणीव शत्रूंनी नव्हे, तर मानसशास्त्रज्ञांनीच शोधून जाहीर केली. जे शास्त्र आपल्या चुका आपणच मोजते, त्याची पद्धती शिकण्याजोगीच असते. किंबहुना, निष्कर्ष बदलतात म्हणूनच केवळ निष्कर्ष पाठ करून भागत नाही.

प्रत्येक प्रश्नाला प्रयोग लागू पडतो, असे मात्र नाही. आईच्या वियोगाचा परिणाम पाहण्यासाठी मुलाला आईपासून तोडता येत नाही. तेथे निरीक्षण व सहसंबंध यांवरच विसंबावे लागते. आणि दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे भान राखावे लागते.

या पाठाला महागडी उपकरणे लागत नाहीत. माठातील पाणी अधिक गोड लागते, असे घरोघर म्हणतात. माठातील व स्टीलच्या भांड्यातील पाणी सारखेच गार करून एकसारख्या पेल्यांत ओतावे. पेल्यांना केवळ अंक द्यावेत. पेला हाती देणाऱ्यालाही कोणते पाणी कोणते हे ठाऊक नसावे. मग वर्गाने चव सांगावी आणि फळ्यावर नोंद करावी. उत्तर काहीही येवो. पेला देणाऱ्यालाही अंधारात का ठेवले, हे ज्या मुलाला उमगले, त्याच्या मानसशास्त्राच्या अध्ययनास योग्य ठिकाणी प्रारंभ झाला, असे खुशाल समजावे.