आठाच्या पुढचे वळण

दसरा-दिवाळीत घरोघरी नव्या मोटारसायकली येतात. हार घातला जातो, एमएच २१ ची पाटी बसते आणि आठवडाभरात पोरगा शिकायला आपल्या दारात उभा राहतो. जालना जिल्ह्यातले रस्ते याच दिवसांत सर्वांत अवघड झालेले असतात. अंबड-घनसावंगीकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. भोकरदन-जाफराबादकडे मका, सोयाबीन डांबरावरच वाळत पडते. काळ्या मातीतून वर आलेला ट्रॅक्टर चाकांचा चिखल सडकेवर सोडून जातो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवाल्यांच्या वाट्याला हेच जुने रस्ते येतात.

त्या शिकाऊला आपण काय देतो? क्लच सोडणे, गिअर टाकणे, हाताचे इशारे आणि परीक्षेपुरता ‘आठ’. आठ जमला, लायसन्स मिळाले की शिकणे संपले, असे तो समजतो. आपणही त्याला अडवत नाही. प्रशिक्षक मित्रांनो, या अंकात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे: आठ काढता येणे म्हणजे वळता येणे नव्हे.

आठ काढताना गाडी माणसाच्या चालीने जाते. तिथे उजवीकडे वळायचे तर हॅन्डल उजवीकडेच फिरवावे लागते. वेग ताशी २०-२५ किलोमीटरच्या पुढे गेला की गणित बदलते. आता दुचाकी कलून वळते, आणि तिला कलवायचे तर ज्या बाजूला जायचे त्याच बाजूची मूठ हलकेच पुढे दाबावी लागते. उजवी मूठ दाबली की पुढचे चाक क्षणभर डावीकडे जाते, गाडी उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळते. प्रत्येक चालक हे नकळत करत असतो. विमान उडवण्याआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांनी कितीतरी सायकलस्वारांना ‘तुम्ही वळता कसे?’ असे विचारले होते. पहिल्याच झटक्यात पूर्ण बरोबर उत्तर त्यांना कुणाकडूनही मिळाले नाही.

नकळत आलेली ही कला रोजच्या वळणाला पुरते, संकटात मात्र दगा देते. वळण वाटले त्यापेक्षा जास्त निघाले की घाबरलेला चालक हात ताठ करतो, मुठी आवळतो आणि हॅन्डल वळणाच्या दिशेने फिरवू पाहतो. त्याने गाडी कलण्याऐवजी उभी राहते आणि सरळ वळणाबाहेर जाते. पाहणारे म्हणतात, ‘गाडी कंट्रोल झाली नाही.’ खरे तर ती चालकाच्या हातांनीच उभी केलेली असते.

१९८१ च्या १ मे रोजी आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा मोटारसायकल अपघातांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची त्यांच्या पथकाने जागेवर जाऊन तपासणी केली होती. बहुतेक चालकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवले होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरला नव्हता. मूठ दाबून गाडी चटकन बाजूला काढण्याचे कसब तर त्यांच्यात जवळजवळ नव्हतेच. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक मारला की गाडी पडते’ हे वाक्य आजही बाप मुलाला शिकवतो. पुढचा ब्रेक वळणात कचकन दाबला तर गाडी पडते, हे खरे आहे. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, चढत्या दाबाने लावले तर तोच ब्रेक जीव वाचवतो. हा फरक समजावणे आपले काम आहे.

वेगाचा हिशेबही शिकाऊपुढे मांडला पाहिजे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने गेले तर गाडीला सुमारे २३ अंश कलावे लागते. तेच वळण ६० ने घेतले तर सुमारे ४३ अंश. वेग दीडपट झाला की बाहेर फेकणारा जोर सव्वादोनपट होतो. रोजच्या वापराची गाडी, झिजलेले टायर आणि वर सोयाबीनचे दाणे पडलेले डांबर यांना इतके कलणे झेपत नाही. म्हणून वळणातली चूक बहुतेक वेळा वळणाच्या अलीकडेच झालेली असते.

त्यासाठी चार शब्दांचा क्रम पाठ करून घ्यावा: आवर, बघ, दाब, वाढव. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग आवरून योग्य गिअर टाकायचा. मग नजर खड्ड्यावर किंवा समोरच्या ट्रकवर न खिळवता वळणाच्या पार न्यायची, कारण नजर जाते तिकडे हात जातात. मग मूठ दाबायची, कोपरे सैल ठेवून. गाडी कलून स्थिर झाली की ॲक्सिलरेटर अगदी हळूहळू वाढवायचा. रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, तो बिंदू पुढे सरकत असेल तर वेग ठीक. तो जवळ येत असेल तर वळण आवळत चालले आहे, वेग कमी करायलाच हवा.

आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावे आणि उजवे वळण वेगवेगळे शिकवावे लागते. डाव्या वळणावर गाडी बाहेर गेली तर ती समोरच्या वाहनापुढे जाते. उजव्या वळणावर धोका वेगळा: चाके आपल्या बाजूला असतात, पण कललेले डोके मधली रेषा ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत गेलेले असते. हे मैदानात खडूची रेष ओढून, गाडी उभी कलवून दाखवा. एकदा पाहिलेला शिकाऊ ते विसरत नाही.

ओझ्याचा धडाही हवा. हॅन्डलच्या बाजूंना दुधाचे कॅन, मागे मोसंबीचे कॅरेट, नाहीतर एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, अशाच गाड्या आपल्या रस्त्यांवर धावतात. मागे वजन वाढले की पुढचे चाक हलके होते आणि मुठीचा दाब लवकर लागू होत नाही. मागे बसणाऱ्याने वळणात उलट बाजूला न झुकता चालकाबरोबर कलावे, हेही सांगावे लागते. शिकाऊबरोबर घरचे माणूस आले तर त्यालाही एक फेरी द्या.

यासाठी रेसिंग ट्रॅक लागत नाही. सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन बाजार समितीचे सिमेंटचे आवार किंवा एखादे पक्के मैदान मिळाले तरी पुरते. ताशी ३० च्या वेगाने सरळ जाताना उघड्या तळव्याने आधी एक, मग दुसरी मूठ हलकेच दाबायची. गाडी कशी ऐकते ते शिकाऊला एकदा जाणवू द्या; मग त्याला व्याख्यान द्यावे लागत नाही. शेवटी अडथळा ठेवून तो चुकवायला लावा. शिरस्त्राण, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टायरमधली हवा तपासल्याशिवाय सराव सुरू करू नका.

आमची विनंती स्पष्ट आहे. उद्यापासून कोणत्याही शिकाऊला केवळ आठ काढता येतो म्हणून परीक्षेला पाठवू नका. आपल्या नजरेसमोर दहा डावी आणि दहा उजवी वळणे त्याने नीट घेतल्यावरच त्याच्या अर्जावर सही करा.