पॉवर कोणाला द्यायची?

चिखली-मेहकरकडे मुखत्यारपत्र असं कोणी म्हणत नाही, ‘पॉवर दिली’ म्हणतात. पोरगा पुण्यात कंपनीत, लेकी सासरी आणि सातबाऱ्यावर नावं सगळ्यांची. मग गावातल्या भावाला पॉवर द्यायची नि बाकीच्यांनी मोकळं व्हायचं. समृद्धी महामार्गासाठी सिंदखेडराजा, मेहकर पट्ट्यात जमिनींची थेट खरेदी झाली, तेव्हा एकेका सहीची किंमत घराघरांत कळली.

मुखत्यार हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘निवडलेला’. पण आपण निवडतच नाही, याची मला खंत आहे. जो रिकामा असतो, ज्याची तहसिलात ओळख असते, त्याच्या नावे कागद होतो. माझं आग्रहाचं सांगणं, न मागता हिशेब देणारा माणूस शोधा. करार कायदा, १८७२ प्रमाणे मागितला की हिशेब द्यावाच लागतो, हे खरं. पण सख्ख्या भावाकडे हिशेब मागायला जीभ रेटत नाही.

काम पीककर्जाचं असेल तर कुलमुखत्यारपत्र कशाला? गट क्रमांक, बँक, मुदत लिहा, थांबा. पॉवर काढून घेतली तर बँकेला, तलाठ्याला लेखी कळवा. ज्याला रद्द झाल्याचं माहीतच नाही, त्याच्याशी झालेला व्यवहार तुम्हाला बांधू शकतो. आणि मुखत्यारपत्रावर जमीन ‘घेतली’ म्हणणाऱ्यांनी ११ ऑक्टोबर २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा सूरज लॅम्प निकाल लक्षात ठेवावा. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानंच येते.

या सगळ्यापेक्षा मला अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळाच आहे. आईनं शहाणपणानं, हातपाय चालत असताना लेकीला पॉवर दिली. चार वर्षांनी आईला लेकच ओळखू येईना. ज्या दिवसासाठी कागद केला तो दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी कागद मेला! कारण त्याच १८७२च्या कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारी संपते. नोंदणी केली होती म्हणून ती वाचत नाही. घरोघरी हे माहीत नाही, आणि लेक भाबडेपणानं त्याच कागदावर सह्या करत राहते.

मग उरतं उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये कोमातल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये २००५च्या कायद्यानं भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आधीच करून ठेवता येतं. तसा कायदा आपल्याकडे झालाच पाहिजे. आमदार-खासदार दारात आले की विचारा. आज बुलढाण्याच्या लेकीला पालक म्हणून नेमणूक मिळवायला नागपूर खंडपीठ गाठावं लागतं, तीनशे किलोमीटरांहून लांब. इकडे दवाखान्याचं बिल वाढत असतं, आईच्या खात्यात आईचेच पैसे असतात आणि त्यांना हात लावता येत नाही.