गाण्याचे मूळ विचारावेच

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये’ अशी म्हण आहे. नांदेडच्या गोदाकाठी आणि लातूरच्या मांजराकाठी वावरणाऱ्या आम्हांला ती पटत नाही. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून येते, मांजरा बालाघाटाच्या डोंगरांतून, हे येथील शाळकरी पोरही सांगते. गाण्याच्या बाबतीत मात्र ही म्हण आपण निष्ठेने पाळतो. शब्द कोणाचे, चाल कोणाची, गाणे प्रथम कधी निघाले, असे विचारताच उत्तर मिळते, “फादर, गाणे ऐकावे, नसत्या चौकशा कशाला?” या बेफिकिरीला आमचा ठाम विरोध आहे.

वरातीत ‘कोंबडी पळाली’ आणि ‘चिकनी चमेली’ पाठोपाठ वाजतात आणि मराठी गाणे हिंदीची नक्कल आहे, असे तरुण छातीठोकपणे सांगतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मराठी गाणे २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटातले. संगीत अजय-अतुल यांचे, शब्द जितेंद्र जोशी यांचे, स्वर आनंद शिंदे व वैशाली सामंत यांचे. अजय-अतुल यांनीच ती चाल हिंदी ‘अग्निपथ’मध्ये नेली, ती २०१२ साली. ‘झिंगाट’चेही तेच: ‘सैराट’ २०१६ चा, हिंदी ‘धडक’ २०१८ चा. ही साले ठाऊक नसली, की मूळच नक्कल ठरते आणि मराठी कवी विस्मरणात जातो.

पूर्वीच्यांनी ही काळजी घेतली होती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. तबकड्या जर्मनीत तयार होत. म्हणून गाण्याच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. पुढे १९४९ साली अमेरिकेत ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी निघाली, प्रत्येक बाजूस साधारणतः एक गाणे. तिच्या मधल्या कागदी चकतीवर नावे छापलेली असत. आज सुटे गाणे मोबाईलवर येते. ती चकती गेली आणि तिच्याबरोबर गीतकाराचे नावही नजरेआड झाले.

कोणी म्हणेल, जात्यावरच्या ओव्याही निनावीच ना! खरे आहे. परंतु ओवी दळणाऱ्या बाईच्या ओठी जन्मली, तिच्यावर कोणी गल्ला भरला नाही. जेथे गाण्याचा पैसा होतो, तेथे नाव म्हणजे मजुरीची नोंद असते. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा मानधनातील हक्क मान्य केला. दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन विकायचे, तर पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे प्रसिद्धीचे साल ही रिकामटेकड्यांची करमणूक नव्हे. त्यावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. शब्द रचणाराही कामगारच आहे.

तेव्हा वाचकहो, यापुढे स्नेहसंमेलनात मुले गाणे सादर करतील, तेव्हा निवेदकाने आधी तीन गोष्टी सांगाव्यात: गीतकार, संगीतकार आणि साल. यास अर्धे मिनिट पुरते. तेवढेही आपणांस जड वाटत असेल, तर त्या गाण्यावर टाळी वाजवण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू.