समजूत कुणाची घालायची?

सातपुड्यातल्या पाड्यावर नवऱ्याने बेदम मारलेली स्त्री सकाळी न्याय मागायला निघते, तेव्हा बहुधा ती पोलीस ठाणे गाठत नाही; माहेर गाठते. प्रकरण पंचांपुढे जाते आणि अनेकदा मारहाण बाजूला राहून चर्चा सुरू होते ती वरपक्षाने दिलेल्या देजाची. ते परत करण्याची ऐपत माहेरी नसते. मग तिचीच ‘समजूत’ घालून तिला त्याच घरी धाडले जाते. शहरी सुशिक्षितांनी यावर नाक मुरडू नये. तेथे देजाच्या जागी अब्रू असते, एवढाच फरक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीची हिंसा सोसली आहे. देशभरात हिंसा सोसणाऱ्यांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो कुटुंबे मोडतो, असा आक्षेप संस्कारी घरांतूनही ऐकू येतो. वस्तुतः त्याचा भर तुरुंगावर नाहीच. मारहाणीपासून संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क, निर्वाहखर्च हे त्यातील मुख्य आदेश. शिक्षेची तरतूद आहे ती संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्यास. स्त्रीला घराबाहेर काढू न देणारा कायदा घर मोडणारा कसा?

खरी उणीव आहे ती अंमलबजावणीत. तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत विधी साहाय्य यांची माहिती देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कलम ११ ने शासनावर टाकली आहे. तरीही तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना बजावावे लागले.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पीडिता बोलते पावरी, भिली वा मावची. कागद लिहिला जातो मराठीत. जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचे भाषण ऐकवून हे अंतर मिटणार नाही. प्रशिक्षण पोचले पाहिजे ते पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा सेविका, पंच आणि जनजाती भागातील कार्यकर्ते यांच्यापर्यंत, तेही त्यांच्या बोलीत. शिकवायचे ते साधेच आहे : तिच्याशी एकटीशी बोला, नवऱ्यासमोर नव्हे, जखमांची नोंद रुग्णालयात करवा, आज रात्री ती कुठे सुरक्षित राहील, हे आधी विचारा, आणि तिच्या इच्छेविना तडजोड करू नका.

या भूमीला हे परके नाही. मोरवड-रंजनपूरच्या संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्ल समाजाला दारूपासून परावृत्त केले. १९७२-७३ च्या सुमारास शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांचा झेंडा कोणता होता, हा प्रश्न येथे गौण आहे. कायद्याचे पाठबळ मिळण्याच्या तीन दशके आधी त्यांनी गावाला जागे केले, हे मान्य केलेच पाहिजे.

कुटुंब हा समाजाचा पाया खरा. पण एकीच्या मुक्या वेदनेवर तो उभा राहू शकत नाही. समजूत घालायचीच असेल, तर ती मारणाऱ्याची घातली पाहिजे.