विश्लेषण : ‘व्हेल’ हलला म्हणून तुम्हीही विकायचे का?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की हात आधी मोबाइलकडे जातो. स्क्रीनवर सूचना असते : ‘अज्ञात वॉलेटमधून हजारो बिटकॉइन एक्सचेंजकडे.’ पगारातून दोन-पाच हजारांची क्रिप्टो घेतलेल्याला वाटते, मोठे बाहेर पडतायत, आपणही विकून टाकावे. हा अंदाज कितपत बरोबर?

ही हालचाल कळते कशी?
बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेन या सार्वजनिक नोंदवहीत दिसतो. कोणत्या पत्त्यावरून कुठे किती नाणी गेली, हे कोणीही पाहू शकतो. मालकाचे नाव आणि हेतू मात्र त्यात नसतो. प्रचंड साठा असलेल्यांना ‘व्हेल’ म्हणतात. ‘व्हेल अलर्ट’सारख्या सेवा त्यांच्या हालचाली लगेच जाहीर करतात.

हस्तांतर म्हणजे विक्री का?
नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या गाड्या आल्या म्हणजे सौदा झाला असे नसते; पण आवक वाढली की भावाची धास्ती वाढते. नाणी एक्सचेंजकडे जाणे, ही अशीच आवक. एक्सचेंजमधून खासगी वॉलेटमध्ये जाणे, ही बहुधा साठवणूक. एकाच मालकाच्या दोन वॉलेटमधील व्यवहार म्हणजे नुसते गोदाम बदलणे.

२०२४ मध्ये काय झाले?
टोकियोचे ‘माउंट गॉक्स’ एक्सचेंज २०१४ मध्ये बुडाले. २८ मे २०२४ रोजी त्याच्या वॉलेटमधून सुमारे १ लाख ४० हजार बिटकॉइन हलले आणि भाव घसरला. प्रत्यक्षात ती ग्राहकांच्या परतफेडीची पूर्वतयारी होती, विक्री नव्हती. ५ जुलैला आणखी ४७ हजार बिटकॉइन हलले. त्याच काळात जर्मनीतील यंत्रणा जप्त केलेले सुमारे ५० हजार बिटकॉइन खरोखरच विकत होत्या. भाव ५४ हजार डॉलरखाली गेला. घाबरून विकणाऱ्यांनी ५ डिसेंबरला तोच भाव १ लाख डॉलरपुढे गेलेला पाहिला. दर वेळी असे होईलच, याची खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही.

खरा धोका कुठे?
१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या ‘वझीरएक्स’च्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. त्याच दिवशी पैसे आणि नाणी काढणे बंद झाले. तेव्हा सूचना वाचून विकायला धावणाऱ्यांच्याही हाती काही लागले नाही. म्हणून व्हेल काय करतो, यापेक्षा आपली नाणी कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न मोठा.

घाबरून विकल्यास किती भुर्दंड?
२०२२च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. समजा, एका नाण्यात २ हजार गमावले आणि दुसऱ्यात २ हजार कमावले. हाती शून्य उरले, तरी ६०० रुपये कर आणि वर उपकर भरावाच लागतो. व्हेलची एक हालचाल छोट्या गुंतवणूकदाराला अशी दुहेरी महाग पडते.