आडनावाचा क्रम

स्कॉटलंडमधल्या या छोट्या गावात राहायला आलो आणि कळलं, कौन्सिलच्या निवडणुकीत मलाही मत आहे. पासपोर्ट भारतीय, पण राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार! ५ मे २०२२ ला इथे पहिल्यांदा मत दिलं.

इथे फुली मारायची नाही, पसंतीचे १, २, ३ असे आकडे लिहायचे. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार करतात ना, तसंच. इथे ते २००७ पासून सामान्य मतदार करतो. एका वॉर्डातून बहुधा तीन किंवा चार नगरसेवक. चार जागा आणि ५००० वैध मतं असतील तर कोटा १००१. वरची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. अल्गोरिदम म्हणून एकदम झकास!

पण एक बग आहे. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने छापतात. एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की बरेच जण वरच्याला १ आणि खालच्याला २ देऊन मोकळे होतात. मग 'डब्ल्यू'वाला बिचारा मागे पडतो, कधीकधी घरीच बसतो. लायकीचा प्रश्नच नाही, सगळा खेळ सॉर्टिंगचा! निकालांच्या आकड्यांत हे वारंवार दिसलंय. आणि खरं सांगतो, मीही तेच केलं होतं.

माझ्या मते उपाय सोपा आहे: नावांचा क्रम मतपत्रिकेगणिक बदला. टास्मानियात कित्येक वर्षं असंच करतात. लोक गोंधळतील म्हणता? थोडे गोंधळतीलही. पण मोजणी इथे यंत्रानेच होते, आणि आडनावावरून नगरसेवक ठरण्यापेक्षा तो गोंधळ परवडला.

असो. मे २०२७ ला मी तरी यादी खालून वाचणार.